डाइंग हाउसचा दाबतक्ता : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून ही वही सुरू. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल युनिटमध्ये दाबाची जितकी गेज, म्हणजे दाब दाखवणारी काट्याची मीटर आहेत, त्या सगळ्यांचा मराठीत एक तक्ता करायचा आणि तो बॉयलर हाउस, डाइंग (रंगाई) आणि कॉम्प्रेसर रूम या तीन ठिकाणी लावायचा, एवढं काम.

हे काम मी मागून घेतलं. कारण डिसेंबरातली ती रात्रपाळी. सॉफ्ट फ्लो या रंगाईच्या मशीनकडे जाणाऱ्या वाफेच्या लाइनवरचं गेज बिघडलं होतं. स्टोअरमधून नवं आलं, ते बसवलं. जुनं होतं किलोचं, ० ते १०. नव्याच्या डायलवर ० ते १ आणि खाली बारीक अक्षरात मेगापास्कल. पाळीवरच्या मुलाला सांगून ठेवलं होतं, "तीनवर ठेव." त्याला डायलवर ३ कुठे दिसेना. काटा ०.३ वर होता, म्हणजे तीन किलोलाच होता. त्याला वाटलं, वाफ पोचतच नाही, अर्धा किलोसुद्धा नाही. त्याने पीआरव्ही, म्हणजे वाफेचा दाब कमी करून पुढे सोडणारा व्हॉल्व्ह, थोडा उघडला, मग आणखी उघडला. साडेचार किलोला पुढचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कुणाला भाजलं नाही, हे नशीब.

चौकशीत बोलणी त्या मुलाला बसली. मला ते पटलेलं नाही. त्याने सांगितलेलं ऐकलं आणि समोरचा डायलही वाचला. तीन आणि शून्य पूर्णांक तीन यांचं नातं त्याला आम्ही कुणी सांगितलं नव्हतं.

आज आयटीआयच्या शिकाऊ मुलीला बरोबर घेऊन सगळं युनिट फिरलो. एकूण ४१ गेज. १७ किलोची, म्हणजे किग्रॅ प्रति चौरस सेंमीची. ९ पाउंडाची, म्हणजे पीएसआयची. ८ बारची, ४ मेगापास्कलची. बॉयलरच्या ड्राफ्टवर, म्हणजे हवा-धुराच्या ओढीवर दोन, ती मिलिमीटर पाण्यात. सुताच्या कंडिशनिंग मशीनच्या व्हॅक्यूमवर एक, ते मिलिमीटर पाऱ्यात. एका छपराखाली सहा भाषा. आणि तोंडी सगळे म्हणतात फक्त "प्रेशर किती आहे?"

८ जानेवारी

बॉयलरवरच्या मामांपासून सुरुवात केली, कारण तक्ता वापरणारे पहिले तेच. "मामा, सात किलो सात किलो म्हणता, तर किलो कशाचा?" मामा हसले. "वाफेचा की. अजून कशाचा?"

मग एक चौरस सेंमी छेदाची, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या तोंडाची, दहा मीटर उंच नळी मनात उभी केली. तिच्यात पाणी मावतं १००० घन सेंमी, म्हणजे बरोबर एक लिटर. एका लिटरचं वजन एक किलो. ते सगळं वजन तळाच्या एका चौरस सेंमीवर येतं. हाच तो किलो. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो, एक मीटर पाणी म्हणजे शंभर ग्रॅम. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "विहिरीत खोल बुडी मारली की कानाला लागतं, ते हेच की मग." हेच.

पाउंडही तसाच. एका चौरस इंचावर एक पाउंड. पाउंड म्हणजे ०.४५३६ किलो, चौरस इंच म्हणजे ६.४५१६ चौरस सेंमी. भागलं की ०.०७०३. हा आकडा पाठ करायचीही गरज नाही, पाउंडाला ७ ने गुणायचं आणि दोन घरं मागे यायचं. १०० पाउंड म्हणजे ७ किलो. चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. ते वाफ शेवटपर्यंत पाउंडात सांगायचे आणि हाच सातचा हिशेब घरात बोटांवर करायचे. तेव्हा मला तो पाढ्यासारखा वाटायचा. आज त्याच्या मागचा भागाकार पहिल्यांदा स्वतः केला.

राहिला पास्कल. एका चौरस मीटरवर एक न्यूटन. १९७१ मध्ये या एककाला ब्लेझ पास्कलचं नाव दिलं गेलं. एक न्यूटन म्हणजे साधारण १०२ ग्रॅमचं वजन. शिकाऊ मुलीला सांगितलं, शंभर ग्रॅम शेंगाचटणी घे आणि एक चौरस मीटर चादरीवर सारखी पसर. चादरीवर पडला तो एक पास्कल. इतका हलका, म्हणून तो लाखांनी मोजावा लागतो. एक लाख पास्कल म्हणजे एक बार. दहा लाख म्हणजे एक मेगापास्कल, म्हणजे दहा बार. त्या रात्रीच्या ०.३ ला दहाने गुणायला दोन सेकंद पुरली असती.

११ जानेवारी

बार आणि किलो यांच्यात फरक करायचा की नाही, यावर अण्णांशी बराच वेळ चर्चा. अण्णा आमचे फिटर, तीस वर्षं यातच. त्यांचं म्हणणं, "बार आणि किलो एकच." पक्का आकडा असा, की एक किलो म्हणजे ०.९८०६६५ बार. फरक दोन टक्क्यांचा. सात किलो म्हणजे ६.८६ बार.

आता आमची गेज बघा. बहुतेक १.६ वर्गाची, म्हणजे पूर्ण डायलच्या १.६ टक्के चूक चालते. १६ किलोच्या डायलवर ती पाव किलो होते. सात किलोला बार आणि किलो यांतला फरक ०.१४. तो काट्याच्या जाडीतच विरघळतो. तेव्हा रोजच्या कामाला अण्णा बरोबर आहेत, आणि तक्त्यात दशांशाची चार घरं लिहिणं हे खोटं काटेकोरपण होईल. सेफ्टी व्हॉल्व्हचं सेटिंग आणि बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट या दोन ठिकाणी मात्र पूर्ण आकडा वापरायचा, अंदाज नाही. यावर अण्णाही राजी.

१५ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी. नंदीध्वज बघून आलो. घरी कुकरची शिट्टी धुताना तिच्यावरचा आकडा वाचला, एक किलो प्रति चौरस सेंमी. माहितीपुस्तिकेत तोच १५ पाउंड. सातचा पाढा लावला तर १.०५. जुळतं. गॅसच्या शेगडीसाठी दाब ३० ग्रॅम प्रति चौरस सेंमी, म्हणजे फक्त ३० सेंमी पाण्याचा स्तंभ, वीतभर आणि थोडं वर. रबरी नळीत एवढाच दाब असतो आणि सिलिंडरच्या आत त्याच्या शंभरपटीहून जास्त. मधलं सगळं काम एवढ्याशा रेग्युलेटरचं.

१८ जानेवारी

आजचा दिवस या वहीतला सगळ्यांत महत्त्वाचा.

डिसेंबरअखेर हवेच्या रिसीव्हरवर, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा साठवायच्या टाकीवर, नवा डिजिटल ट्रान्समीटर (दाब आकड्यात दाखवणारं मीटर) बसवला होता. कॉम्प्रेसर त्याच्यावर चालतो. डिस्प्लेवर सात बार झाले की बंद, साडेसहाला चालू. तेव्हापासून मागावाल्यांची तक्रार सुरू, हवा कमी पडते. अण्णांनी दोनदा फिल्टर साफ केले, साबणाचं पाणी घेऊन गळती शोधली, दोन जॉइंट बदलले. फरक शून्य. मागांजवळची काट्याची गेज सहाच दाखवायची. सगळ्यांचा निष्कर्ष एकच होता, जुनी गेज म्हातारी झाली.

आज दुरुस्तीसाठी रिसीव्हर पूर्ण रिकामा केला. ड्रेन उघडा, आत फक्त बाहेरची हवा. काट्याचं गेज शून्यावर. डिस्प्लेवर ०.९६. अण्णा म्हणाले, "झीरो गेलाय याचा. मीटर खोटं बोलालंय." त्यांचं बोट झीरोच्या बटणावर होतं. मी थांबवलं. ०.९६ हा आकडा मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता.

खिशातला फोन काढला. त्यात वायुभारमापक आहे. ९६१ हेक्टोपास्कल, म्हणजे ०.९६१ बार. मीटर खोटं बोलत नव्हतं. ते बाहेरच्या हवेचा दाब दाखवत होतं. लेबल पुसून बघितलं, तर बार या शब्दापुढे बारीक "ए", म्हणजे ॲब्सोल्यूट. निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर. त्याचं शून्य म्हणजे पूर्ण पोकळी, जिथे हवाही नाही. आपल्या काट्याच्या गेजचं शून्य म्हणजे भोवतालची हवा. दोन्हींच्या मध्ये एक अख्खं वातावरण.

डिस्प्लेवरचे सात म्हणजे गेजवरचे सहा. जुनी गेज दोन आठवडे खरं सांगत होती आणि आम्ही त्यांनाच म्हातारं ठरवलं. नवा, गेज दाबाचा ट्रान्समीटर मागवला. तोवर कॉम्प्रेसर बंद व्हायचा आकडा ७.९६ वर नेला. दुपारच्या पाळीत मागावाल्यांचा एकही फोन आला नाही.

मी आजवर रूपांतर म्हणजे गुणाकार समजत होतो. आज तक्त्याचा आराखडा फाडला. एककाच्या आधी आता पहिला रकाना येईल, "शून्य कुठलं?"

१९ जानेवारी

रात्री झोपताना एक शंका आली. फोनमधलं हवामानाचं ॲप सोलापूरला १०१४ दाखवतं आणि वायुभारमापक ९६१. दोन्ही खरे कसे?

ॲपमधला आकडा समुद्रसपाटीला आणून लिहिलेला असतो, म्हणजे मुंबई आणि सोलापूर एका पातळीवर ठेवून तुलना करता येते. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंच. तेवढ्या जाडीची हवा आपल्या डोक्यावर कमी. म्हणून इथला खरा दाब ९६० च्या आसपास, ऋतूप्रमाणे थोडा खालीवर. पुस्तकातलं "एक वातावरण", १.०१३२५ बार किंवा ७६० मिमी पारा, सोलापुरात कधी भेटतच नाही. आपलं वातावरण ७२० मिमी पाऱ्याचं.

शिकाऊ मुलीला हे सांगितल्यावर ती फोन घेऊन थेट पाण्याच्या उंच टाकीच्या शिडीकडे निघाली. सेफ्टी बेल्ट लावायला लावला. खाली ९६०.८, वर १८ मीटरवर ९५८.८. दोनचा फरक. १६४८ मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या प्युय द डोम या डोंगरावर नेली आणि वर पारा उतरलेला पाहिला. तीच गोष्ट आमच्या टाकीवर झाली. ती खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्यासाठी तरी हा प्रकल्प हवा होता.

२३ जानेवारी

नव्या रकान्याचा पहिला फायदा. सूत कंडिशनिंगचा व्हॅक्यूम पंप उघडायचा ठरला होता. कारण, पुरवठादाराच्या कागदावर "उणे ७०० मिमी पारा" आणि आमचा काटा उणे ६६० च्या पुढे सरकत नाही. पंप घासला, असं सगळ्यांचं मत.

हिशेब केला. ज्या ठिकाणी बाहेरचा दाब ७६० आहे, तिथे उणे ७०० म्हणजे आत ६० मिमी हवा शिल्लक. इथे बाहेरचा दाबच ७२०. तोच पंप तेवढीच ६० शिल्लक ठेवत असेल, तर काटा दाखवणार ७२० वजा ६०, म्हणजे ६६०. आमचा काटा नेमका तिथेच आहे. पंपाचं काम चोख चाललंय. डायल उणे ७६० पर्यंत छापलेला असला, तरी सोलापुरात जगातला कुठलाही पंप त्याला ७२० च्या पलीकडे नेऊ शकत नाही, कारण तिथे ओढायला काही उरतच नाही.

हे मामांना सांगितलं तर त्यांनी विहिरीचीच गोष्ट काढली. त्यांच्या गावात उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावरची मोटर पाणी ओढत नाही, मग ती विहिरीत खाली टप्प्यावर उतरवतात. मामांच्या वडिलांचा ठोकताळा, वीस-बावीस फुटांपलीकडे आशा नको. खरंतर पंप ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. इथली हवा जास्तीत जास्त पावणेदहा मीटर, म्हणजे ३२ फूट ढकलू शकते. घर्षण, फूटव्हॉल्व्ह, पाण्याची वाफ यांत बराच भाग जातो आणि मामांच्या वडिलांचे बावीस फूट हाती उरतात. सतराव्या शतकात इटलीत पंप दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाहीत, हे कोडं पडलं होतं. टोरिचेलीने पाण्याऐवजी १३.६ पट जड पारा घेतला आणि दहा मीटरची नळी हातभर केली. मिलिमीटर पारा हे एकक त्या नळीतून आलं, आणि दवाखान्यात आपलं ब्लड प्रेशर आजही त्यातच मोजतात.

२७ जानेवारी

शिकाऊ मुलीने आज मला अडवलं. तिने वाफेचा तक्ता उघडून सात बारला १६५ अंश वाचले. हेडरवरचा, म्हणजे वाफेच्या मुख्य पाइपावरचा थर्मामीटर १६९ दाखवतो. "सर, थर्मामीटर बदलायचा का?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "थांबा, शून्य कुठलं?"

वाफेच्या तक्त्यातला दाब निरपेक्ष असतो. गेजवर सात किलो, म्हणजे ६.८६ बार. त्यात इथली हवा ०.९६ मिळवली की ७.८२. या दाबाला वाफेचं तापमान १६९.५ अंश. थर्मामीटर बरोबर.

त्यावरून डाइंगच्या लॅबमधलं एक जुनं भांडण मिटलं. उघड्या बीकरमध्ये पाणी कितीही खदखदलं, तरी थर्मामीटर ९८.५ च्या वर जात नाही. मास्तरांनी त्यापायी तीन थर्मामीटर बदलले होते. पण ०.९६ बारला पाणी ९८.५ लाच उकळतं. आपली उकळीच तेवढी. मास्तर आधी मानेनात. मग तिन्ही जुने थर्मामीटर कपाटातून काढून एकाच बीकरमध्ये बुडवले. तिन्ही एका आकड्यावर थांबले.

१ फेब्रुवारी

घरचं. पाण्याची पाळी आज आली, टाकी भरली. वॉशिंग मशीनमध्ये पाणी फार हळू येतं म्हणून बायकोची तक्रार होती. मशीनच्या मागे लिहिलंय, किमान ०.०५ मेगापास्कल. म्हणजे अर्धा बार, म्हणजे पाच मीटर पाणी. आमची टाकी मशीनच्या वर जेमतेम तीन मीटर. मशीन तळमजल्यावर हलवायचं ठरलं.

५ फेब्रुवारी

तक्ता लिहिणाऱ्या पेंटरकडे गेलो. किती आकडे घ्यायचे यावर माझं मत आता पक्कं आहे. सर्वसाधारण रूपांतरांची लांबलचक यादी भिंतीवर कुणी वाचत नाही, रात्री दोन वाजता तर नाहीच. म्हणून प्रत्येक ओळ एका गेजची. गेजचा क्रमांक, शून्य कुठलं, डायलवर काटा कुठे हवा, आणि तोच दाब किलोत. त्या रात्रीच्या गेजची ओळ अशी: "गेज २३. शून्य: बाहेरची हवा. काटा ०.३ वर. म्हणजे ३ किलो." किलोत का, तर आमच्या तोंडात तोच आहे. बदलायचं ते सावकाश बदलेल.

तळाला चारच ओळी. १ मेगापास्कल म्हणजे १० बार. १ बार म्हणजे १.०२ किलो. १०० पाउंड म्हणजे ७ किलो. १० मीटर पाणी म्हणजे १ किलो. आणि लाल रंगात, सोलापूरची हवा ०.९६ बार, ७२० मिमी पारा.

शिकाऊ मुलीने आणखी एक ओळ मागितली. तिचा भाऊ एनटीपीसीच्या वीज प्रकल्पावर ठेकेदाराकडे आहे. तिथले ६६० मेगावॉटचे दोन्ही संच सुपरक्रिटिकल, म्हणजे पाणी आणि वाफ हा भेदच जिथे संपतो त्या दाबाच्या वर चालणारे. तो दाब २२.०६४ मेगापास्कल. तिने तो वहीत तीन प्रकारे मांडून दाखवला, २२०.६ बार, २२५ किलो, ३२०० पाउंड. तक्त्यावर जागा नाही. पण तिचा हिशेब अचूक आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी

तीनही तक्ते लागले. बॉयलर हाउसमधला मामांनी स्वतः ठोकला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. माझ्या मोजमापापेक्षा वीतभर खाली आला, तसाच राहू दिला.

संध्याकाळी रात्रपाळीचा तो मुलगा आला. गेज २३ ची ओळ त्याने दोनदा वाचली. मग आपणहून सगळ्या लाइनवर फिरून आला आणि म्हणाला, "सर, आरओच्या मागचं ३६ नंबर बघा. लाइन बंद आहे, ड्रेन उघडा आहे, तरी काटा तीन पाउंडावर बसलाय. तुम्ही शून्य कुठलं ते लिहिलंय, पण काटा शून्यावर येतो का ते कुठे लिहिलंय?"

हे माझ्या आणि शिकाऊ मुलीच्या, दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गेज ३६ काढून टाकलं. तक्त्यात उजवीकडे बोटभर जागा होती, तिथे खडूने नवा रकाना आखला, "रिकाम्या लाइनवर काटा". हा रकाना भरायचं काम त्याच्याकडेच दिलं. पाळी सुटेपर्यंत ११ गेज तपासून झाली. ३० बाकी आहेत. बॉयलरची सहा रविवारी, बॉयलर थंड असेल तेव्हा, मामांच्या समोर.